यंत्राचा गळा आणि आवाजाची मालकी

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ज्येष्ठ पार्श्वगायिका आशा भोसले यांच्या दाव्यात दिलेले अंतरिम आदेश एकाच दिशेने जाणारे होते. कोणाच्याही आवाजाचे रूपांतर नामवंत गायकाच्या आवाजात करून देणारी संगणकीय साधने त्या गायकाच्या परवानगीवाचून उपलब्ध करून देणे, हा त्याच्या व्यक्तिमत्त्वविषयक हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचे नाव, चेहरा आणि आवाज यांना असेच संरक्षण दिले होते. त्यांच्या खास ढबीतला 'झकास' हा उद्गारही त्या दाव्यात होता. मुंबईच्या बोलीतला हा शब्द ढबीच्या जोरावर दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोहोचला, हा त्यातला गमतीचा भाग.

या प्रकरणांवरील चर्चा ऐकली की, यंत्राने मानवी आवाजात हात घातला तो जणू कालपरवाच, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. 'काय बोलले गेले' आणि 'कोण बोलले' या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून वेगळ्या करण्याचे तंत्र जवळजवळ शंभर वर्षांचे आहे. व्होकोडर हे त्याचे नाव. चित्रपटांत आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीतात ऐकू येणारा, एका सुरात गुणगुणणारा, धातूच्या पत्र्यातून आल्यासारखा यंत्रमानवाचा आवाज ही त्याची लोकांना झालेली ओळख. न्यायालयात ज्या आवाजांच्या प्रतिकृती गाजत आहेत, त्या निर्माण करणाऱ्या अनेक संगणक प्रणालींतील अखेरच्या घटकालाही तंत्रज्ञ आजही व्होकोडर असेच म्हणतात. तेव्हा आवाजाच्या मालकीचा हा वाद नीट समजून घ्यायचा तर सुरुवात न्यायालयापासून नव्हे, तर समुद्राखालच्या एका केबलपासून करावी लागते.

तारेतील काटकसर

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली या अभियंत्याने १९२८ मध्ये ज्या प्रश्नावर काम सुरू केले, तो अगदी रूक्ष आणि हिशेबी होता. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारायंत्राच्या केबलमधून ठिपके आणि रेघा जात. माणसाचे बोलणे जात नसे. बोलण्याला लागणारी कंपनांची रुंदी त्या केबलला पेलणारी नव्हती. डडली यांनी बोलण्याच्या क्रियेकडेच वेगळ्या नजरेने पाहिले. गळ्यातील स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा किंवा त्याहूनही अधिक थरथरतात. पण त्या थरथरीला अक्षरांचा आकार देणारी जीभ, ओठ आणि जबडा त्या मानाने फारच संथपणे हलत असतात. बोलण्यातील अर्थ मुख्यतः या संथ हालचालींत असतो. मग संपूर्ण ध्वनी पाठवण्याऐवजी केवळ या हालचालींचे मोजमाप पाठवले आणि थरथर पलीकडच्या टोकाला यंत्राने नव्याने निर्माण केली, तर?

घरगुती उदाहरण द्यायचे तर पुरणपोळ्या डब्यात भरून पाठवण्याऐवजी त्यांचे प्रमाण कळवायचे, आणि पलीकडच्याने त्या आपल्या घरच्या तव्यावर करून घ्यायच्या, असा हा प्रकार. पुरण तेच, तवा मात्र दुसऱ्याचा.

व्होकोडरची रचना या कल्पनेतून सरळ निघते. आत येणारा आवाज गाळण्यांच्या ओळीतून जातो. एक गाळणी केवळ खर्जातील कंपने पुढे जाऊ देते, दुसरी त्यावरची, तिसरी त्याहून वरची. डडली यांच्या यंत्रात असे दहा पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे, एवढेच मोजले जाते. दुसऱ्या टोकाला गाळण्यांची तशीच दुसरी ओळ असते आणि तिच्यातून एक सपाट, अर्थहीन गुणगुण सोडलेली असते. पहिल्या ओळीने मोजलेला जोर दुसऱ्या ओळीतील त्या त्या पट्ट्याला लावला की ती गुणगुण 'बोलू' लागते. ज्याचे शब्द घेतले जातात त्या आवाजाला नियंत्रक म्हणता येईल आणि ज्याच्या अंगावर ते चढवले जातात त्या ध्वनीला वाहक. वाहक बदलता येतो, ही या यंत्राची खरी खुबी. तेथे गुणगुणीऐवजी ऑर्गनचा स्वरमेळ ठेवला तर ऑर्गन बोलतो. वाऱ्याचा घोंघाट ठेवला तर वारा बोलतो.

डडली यांना १९३९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात या यंत्राचे एक भावंड लोकांसमोर आले. 'व्होडर' या नावाच्या त्या यंत्राला नियंत्रक आवाजच नव्हता. पियानोसारख्या पट्ट्या, मनगटाने दाबायची दांडी आणि पायाखालचे पेडल यांच्या साहाय्याने एक तरुणी अक्षरे 'वाजवीत' असे आणि यंत्र प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. ही कला साधायला सुमारे वर्षभराचे शिक्षण लागे, आणि शेकडो टेलिफोन ऑपरेटर तरुणींतून जेमतेम वीस-पंचवीस जणी त्यात तयार झाल्या. बोलणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे त्या प्रदर्शनातील प्रेक्षकांच्या लक्षात आले असेल तर ते या मुलींची बोटे पाहून.

लपवण्यासाठी आणि ओळखण्यासाठी

काटकसरीसाठी जन्मलेल्या या यंत्राला महायुद्धाने वेगळेच काम दिले. आवाजाचे रूपांतर एकदा आकड्यांत झाले की ते आकडे गुप्त लिपीत बांधता येतात. 'सिगसॅली' या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी यंत्रणा १५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्या दरम्यान सुरू झाली. एकेका ठिकाणच्या यंत्रसामग्रीचे वजन सुमारे ५५ टन होते. लंडनचे यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात बसवले होते. संदेश बांधण्यासाठी दोन्ही टोकांना एकाच वेळी, एकाच गतीने फिरणाऱ्या, निव्वळ खरखर भरलेल्या ध्वनिमुद्रिका लागत आणि त्या वापरल्यानंतर नष्ट केल्या जात. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९४३ मध्ये बेल प्रयोगशाळेत येऊन ही यंत्रणा पारखली होती. दोस्त राष्ट्रांचे सेनानी या यंत्रातून बोलत, तेव्हा पलीकडे ऐकू येणारा आवाज सपाट आणि कृत्रिम असे. शब्द सुरक्षित पोहोचत. माणूस मात्र वाटेतच राहून जाई. तीस वर्षांहून अधिक काळ हे सारे गोपनीय होते. १९७६ मध्ये ते जाहीर झाले.

याच सुमारास रशियात नेमके उलटे काम चालले होते. मॉस्कोजवळील मार्फिनो येथील बंदिवान शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत स्टालिनसाठी सुरक्षित दूरध्वनी तयार करण्याची खटपट सुरू होती. तेथे काही काळ कैदी म्हणून राहिलेल्या अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांनी पुढे 'फर्स्ट सर्कल' ही कादंबरी लिहिली, ती याच अनुभवावर. त्या कादंबरीतील कथानक फिरते ते दूरध्वनीवरील एका आवाजावरून तो कोणाचा हे शोधून काढण्याच्या कामाभोवती. आवाजातून माणूस पुसता येतो, तसाच आवाजातून माणूस पकडताही येतो. आज गायकांचे वकील न्यायालयात जो युक्तिवाद करतात, त्याची दुसरी बाजू तेव्हाच्या कैद्यांना ठाऊक होती.

संगीताच्या खोलीत

संगीतकारांच्या हाती हे यंत्र आले ते जर्मनीच्या वाटेने. डडली यांनी १९४८ मध्ये बॉन विद्यापीठातील वेर्नर मायर-एप्लर यांची भेट घेऊन त्यांना व्होकोडर ऐकवला. ध्वनिशास्त्रज्ञ असलेल्या मायर-एप्लर यांचा पुढे कोलोन नभोवाणीतील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओच्या स्थापनेशी निकटचा संबंध आला. मात्र सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत हा आवाज पोहोचायला आणखी दोन दशके जावी लागली. वेंडी कार्लोस यांनी रॉबर्ट मूग यांच्या सहकार्याने तयार केलेल्या व्होकोडरमधून बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील समूहगान रेचल एल्काइंड यांच्या आवाजावर रचले, आणि १९७१ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या चित्रपटातून ते जगभर गेले. यंत्राने गाणे म्हणणे ऐकून लोक बिचकतात, असा अनुभव आल्याने कार्लोस यांनी श्रोत्यांचे कान तयार करण्यासाठी 'टाइमस्टेप्स' ही प्रस्तावनावजा रचना केली होती. चित्रपटाच्या विषयाला मात्र हे बिचकणेच पोषक ठरले. मानवी बंधुत्वाचे सर्वांत उदात्त मानले जाणारे गीत, आणि ते गाणारे कोणी माणूसच नाही, असे ते ध्वनिचित्र होते.

ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क' या चमूने हाच परकेपणा आपली ओळख म्हणून स्वीकारला. त्यांचा १९७८ मधील 'द मॅन-मशीन' हा संग्रह आणि त्यातील 'द रोबोट्स' हे गीत ऐकताना गायक कोण, असा प्रश्नच पडत नाही. मंचावर चौघे एकसारख्या लाल शर्टांत उभे राहत. पुढे काही वेळा तर त्यांच्या जागी खरोखरीचे पुतळेच उभे केले गेले. घामाने निथळणाऱ्या, केस उडवणाऱ्या रॉक गायकाच्या त्या काळात 'आमच्यातला कोणीही मोठा नाही' हे सांगण्याचा याहून चोख मार्ग नव्हता. पुढे डेट्रॉइट आणि न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांनी या जर्मन संगीतातून स्वतःचे नृत्यसंगीत घडवले. यंत्रमानवाच्या आवाजाला वर्ण नसतो आणि वंश नसतो, हे त्यांनी ओळखले होते असे म्हणायला जागा आहे.

स्टुडिओत प्रत्यक्ष काम कसे चालते, तेही पाहण्याजोगे आहे; कारण या यंत्राविषयीचे बरेच गैरसमज तेथे दूर होतात. व्होकोडरमध्ये गाणाऱ्याला सुरात गावे लागत नाही. सूर वाहकाचा असतो, म्हणजे कीबोर्डवर जो स्वरमेळ दाबला असेल तोच ऐकू येतो. गाणाऱ्याने द्यायचे असतात ते उच्चार आणि लय. त्यामुळे येथे गोड गळ्यापेक्षा स्वच्छ जीभ महत्त्वाची ठरते. शब्द एरवी म्हणतो त्याहून जरा अधिक ठसठशीत म्हणावे लागतात; आवाजातील चढउतार आधी यंत्राने दाबून एकसारखे केले जातात; आणि वाहक म्हणून करवतीच्या दातांसारखी आकृती असलेला, भरपूर स्वरांश असणारा ध्वनी निवडला जातो. बासरीसारखा निर्मळ ध्वनी येथे निरुपयोगी, कारण त्याच्या वरच्या पट्ट्यांत कोरायला काही शिल्लकच नसते. शिल्पकाराला दगड लागतो, तसे व्होकोडरला ध्वनीचे द्रव्य लागते.

खरी अडचण येते ती व्यंजनांची. स, श, फ यांसारख्या वर्णांत स्वरतंतू थरथरतच नाहीत. तेथे असते ती निव्वळ हवेची घासणी. गुणगुणणाऱ्या वाहकाला ही घासणी करता येत नाही. परिणामी साध्या व्होकोडरमधून 'सासू' म्हटले तर पलीकडे 'आऊ' ऐकू येण्याची शक्यता अधिक. मराठीसारख्या भाषेत, जेथे ख, छ, ठ, थ असे हवेचा झोत लागणारे वर्ण पावलोपावली येतात आणि 'चार' व 'चारा' यांतील च एकमेकांहून वेगळे असतात, तेथे ही अडचण आणखी जाणवते. यावर उपाय म्हणून वाहकात थोडी खरखर मिसळतात किंवा मूळ आवाजातील वरची कंपने गाळणीला वळसा घालून तशीच पुढे सोडतात. म्हणजे यंत्रमानवाचे बोलणे समजावे म्हणून माणसाच्या श्वासाचा एक धागा मुद्दाम शिल्लक ठेवावा लागतो. पट्टे जितके कमी, तितके बोलणे अस्पष्ट. फार वाढवले तर शब्द स्वच्छ होतात, पण यंत्राची लज्जत उणावते. दहा ते वीस पट्ट्यांच्या दरम्यान कोठेतरी हा तोल साधतो, असा बहुतेक निर्मात्यांचा अनुभव आहे. एके काळी कपाटाएवढी असणारी आणि मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारी ही यंत्रे कोर्ग कंपनीच्या १९७८ च्या आणि रोलंडच्या १९७९ च्या कीबोर्डांमुळे सामान्य वादकाच्या आवाक्यात आली. आज तर संगीतनिर्मितीच्या अनेक संगणक प्रणालींत व्होकोडर अंगभूतच असतो.

ओळखू न येणाऱ्या आवाजाचा खटला

व्होकोडरच्या इतिहासात आवाजाच्या मालकीवरून एक विलक्षण खटला झालेला आहे, आणि तो आजच्या खटल्यांच्या अगदी उलट आहे. कॅनडाचे गायक नील यंग यांनी १९८२ च्या अखेरीस 'ट्रान्स' हा संग्रह प्रसिद्ध केला. गिटार आणि किंचित कापऱ्या, उंच आवाजासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गायकाने त्यातील बहुतांश गाणी व्होकोडरमधून म्हटली होती. श्रोते गोंधळले, विक्री मंदावली. त्यांच्या गेफन या कंपनीने १९८३ मध्ये त्यांच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. कारण काय, तर नील यंग यांनी दिलेले संगीत हे 'नील यंग यांच्यासारखे' नव्हते! आज गायक न्यायालयात जाऊन सांगतात, की हा आवाज माझा नसून माझ्यासारखा आहे. तेव्हा कंपनी सांगत होती, की आवाज तुमचाच आहे, पण तुमच्यासारखा नाही. हा दावा पुढे मागे घेतला गेला.

त्या आवाजामागचे कारण यंग यांनी नंतर सांगितले. त्यांच्या मुलाला जन्मतः मेंदूचा पक्षाघात होता आणि त्याला बोलता येत नव्हते. त्याच्याशी संवाद साधण्याच्या धडपडीत घरात यंत्रे, बटणे, उपकरणे आली होती. मुलाचे म्हणणे बापाला कळत नाही, त्याचप्रमाणे गाण्याचे शब्द श्रोत्याला कळू नयेत, असा त्या अस्पष्ट यांत्रिक उच्चारांचा अर्थ होता. यंत्रमानवाचा आवाज म्हणजे भावनाशून्यता, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

यानंतर पंधराएक वर्षांनी आवाजाच्या जगात खरी कलाटणी आली आणि ती आली एका असत्यकथनासह. गायिका शेर यांच्या १९९८ मधील 'बिलीव्ह' या गाण्यात त्यांचा आवाज मधेच पायऱ्या उतरल्यासारखा तुटक होतो. हे कसे केले, असे विचारता निर्मात्यांनी १९९९ मध्ये 'साउंड ऑन साउंड' या मासिकाला सांगितले, की हा व्होकोडरचा प्रताप आहे. प्रत्यक्षात ते 'ऑटो-ट्यून' होते. त्याच्या आधीच्याच वर्षी बाजारात आलेले, बेसूर गायन सुरात आणणारे सॉफ्टवेअर. अँडी हिल्डेब्रँड हे त्याचे जनक. ध्वनिलहरींवरून जमिनीखालच्या थरांचा अंदाज बांधण्याचे गणित त्यांनी तेलसंशोधनाच्या क्षेत्रात हाताळले होते. त्याच घराण्यातले गणित त्यांनी गळ्याला लावले. सूर किती वेगाने दुरुस्त करायचा, हे ठरवणारी कळ शून्यावर ठेवली की आवाज पायऱ्या घेऊ लागतो. निर्मात्यांना आपली युक्ती झाकून ठेवायची होती, आणि ती झाकण्यासाठी त्यांनी व्होकोडरचे नाव पुढे केले.

या प्रसंगाला गमतीपलीकडे महत्त्व आहे. व्होकोडर आणि ऑटो-ट्यून यांची आजही सर्रास गल्लत केली जाते. तोंडात नळी धरून गिटारला बोलते करणाऱ्या 'टॉक बॉक्स'चीही त्यात भर पडते. पण व्होकोडर आवाजाचा वाहकच बदलून टाकतो आणि तसे केल्याचे लपवू शकत नाही. ऑटो-ट्यूनमध्ये आवाज त्याच माणसाचा राहतो, केवळ सूर हलवला जातो. आणि कळ जरा सौम्य ठेवली तर असे काही केले आहे हे ऐकणाऱ्याला समजतही नाही. 'बिलीव्ह'मध्ये ते जाणीवपूर्वक उघडे ठेवले गेले, ही अपवादात्मक गोष्ट. एरवी या साधनाचे यश ते ऐकू न येण्यात मोजले जाते. यंत्रमानवाच्या सोंगाकडून माणसाच्या सोंगाकडे झालेला प्रवास येथे सुरू झाला, असे म्हणावे लागेल.

कानपूरचे गणित

या प्रवासाची दुसरी वाट टेलिफोनमधून गेली आणि तीवर एका भारतीयाचे नाव ठळक आहे. कानपूर येथे जन्मलेले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि तेथेच काही काळ अध्यापन केलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. ध्वनीचा पुढचा नमुना मागच्या काही नमुन्यांवरून वर्तवता येतो, या तत्त्वावर त्यांनी आवाजाचे संक्षेपण करण्याची पद्धत विकसित केली. जपानमध्ये इटाकुरा आणि साइतो हेही स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम करीत होते. गाळण्यांच्या ओळीऐवजी आता मुखविवराचा आकार आकड्यांत मांडला जाऊ लागला. मान्फ्रेड श्रोडर आणि अटल यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या सुधारित पद्धतीवर आणि तिच्या भावंडांवर मोबाइल दूरध्वनीचे जग उभे राहिले. मोबाइलवर ऐकू येते ते पलीकडच्या माणसाच्या गळ्यातून निघालेल्या ध्वनीचे जसेच्या तसे चित्र नसते. आकड्यांवरून कानाजवळ नव्याने घडवलेला तो आवाज असतो. नेटवर्क खराब झाले की बोलणारा एकाएकी यंत्रमानव होतो, याचा अनुभव लोकल गाडीत प्रत्येकाने घेतलेला आहे. हरवलेल्या तुकड्यांच्या जागी आधीच्या आकड्यांवरून अंदाजाने ध्वनी भरला जात असतो. पडदा क्षणभर बाजूला होतो आणि आतला व्होकोडर दिसतो, इतकेच.

२०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीने 'वेव्हनेट' ही प्रणाली जाहीर केली आणि या पडद्यातील फटी जवळजवळ बुजल्या. मानवी बोलण्याच्या असंख्य नमुन्यांवर शिकवलेले हे जाळे ध्वनीचा एकेक नमुना घडवू लागले. त्यानंतरच्या प्रणालींत एक भाग आवाजाचा आराखडा तयार करतो आणि दुसरा त्यापासून प्रत्यक्ष ध्वनी घडवतो. या दुसऱ्या भागाचे नाव व्होकोडर. आवाज बदलून देणारी साधनेही डडली यांच्याच विभागणीवर चालतात: शब्द, सूर आणि लय एकाची, कंठ दुसऱ्याचा. फरक एवढाच, की पूर्वी वाहक म्हणून ऑर्गन असे, आता आशा भोसले असू शकतात.

कायद्याच्या कसोट्या

अमेरिकेत या प्रश्नाची चाहूल जुनी आहे. गायिका बेट मिडलर यांनी जाहिरातीसाठी गाण्यास नकार दिल्यावर त्यांच्यासारखे गाणारी गायिका आणून जाहिरात केल्याबद्दल फोर्ड कंपनीविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यात १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मिडलर यांची बाजू उचलून धरली. तेथे यंत्र नव्हतेच. दुसऱ्या बाईचा गळा होता. टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने आवाजाला कृत्रिम बुद्धिमत्तेपासून स्पष्ट शब्दांत संरक्षण दिले. भारतात मात्र स्वतंत्र कायद्याऐवजी न्यायालयांच्या आदेशांतून वाट निघत गेली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, २०१२ च्या दुरुस्तीने नैतिक हक्कही आले. पण ते 'सादरीकरणा'चे आहेत. प्रत्यक्षात कधीही न झालेल्या सादरीकरणाला, म्हणजे गायकाने न गायिलेल्या गाण्याला, ते कसे लागू करायचे? म्हणूनच गायकांना व्यक्तिमत्त्वविषयक हक्काचा आधार घ्यावा लागला.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या मजकुराची खूण करण्याचा प्रस्ताव त्यात होता. ध्वनीच्या बाबतीत ही खूण सुरुवातीच्या दहा टक्के कालावधीत ऐकू यावी, अशी कल्पना होती. व्याख्या करताना मसुद्याने 'खरा भासणारा' ही कसोटी लावली होती. या कसोटीवर व्होकोडरचा आवाज बाहेर राहतो, कारण तो खरा भासतच नाही. आपले लेबल तो स्वतःच वाजवत येतो. आवाजाची प्रतिकृती उघडच आत येते. आणि सौम्य हाताने सूर दुरुस्त केलेले, नेहमीच्या ध्वनिमुद्रणातले गाणे? चार मिनिटांच्या प्रत्येक चित्रपटगीताआधी चोवीस सेकंद सूचना ऐकवावी, असे कोणी म्हणणार नाही. पण रेषा नेमकी कोठे ओढायची, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडणारे नाही. कारण दोन्ही टोकांना तंत्र एकाच घराण्यातले आहे.

परवानगी घेऊन हे करता येते, याचेही उदाहरण समोर आहे. ए. आर. रहमान यांनी जानेवारी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील गीतासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वापरले, तेव्हा कुटुंबीयांची संमती घेतल्याचे आणि त्यांना मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले होते. त्यावरही उलटसुलट मते व्यक्त झाली. संमती वारसांची होती. त्या गायकांनी स्वतः ते गाणे स्वीकारले असते का, हे विचारण्याची सोय नव्हती.

आतापर्यंत न्यायालयात गेलेली नावे पाहिली तर ती सारी नामवंतांची आहेत. व्यक्तिमत्त्वविषयक हक्काची मांडणीच प्रसिद्धीवर उभी असल्याने ते स्वाभाविक आहे. ज्याचा आवाज लोक ओळखतात त्याचे नुकसान दाखवता येते. मुंबईच्या स्टुडिओंत समूहस्वरांत गाणाऱ्या गायक-गायिका, आधी मार्गदर्शक चाल गाऊन ठेवणारे 'डमी' गायक, परभाषेतील चित्रपटांना मराठी-हिंदी आवाज देणारे डबिंग कलाकार यांचे काय? यांची नावे अनेकदा वेष्टनावरही छापली गेली नाहीत. यंत्राला शिकवण्यासाठी मात्र त्यांचे आवाज तेवढेच उपयोगी असतात; किंबहुना स्वच्छ, भावनेने फार न भारलेला, तासन्‌तास ध्वनिमुद्रित झालेला आवाज शिकवणीसाठी अधिक सोयीचा. प्रसिद्ध गायकाची नक्कल पकडली जाते, कारण ऐकणारा ती ओळखतो. अनोळखी आवाज नव्या गाण्यात वाहक म्हणून गेला तर तो कोणाचा, हे विचारायलाही कोणी येत नाही. यंत्रमानवाच्या आवाजाआड एका गायकाचा चेहरा दडत असे, आणि बहुधा त्याच्या इच्छेने. येथे दडणाऱ्याची इच्छा विचारली गेलेली नसते.

समूहगायक आणि डबिंग कलाकारांसाठी हा प्रश्न शेवटी करारपत्रातील एका ओळीवर येऊन ठेपतो: मुद्रित आवाजाचा वापर यंत्राला शिकवण्यासाठी करता येईल किंवा येणार नाही. हॉलिवूडच्या कलाकार संघटनेने २०२३ मधील प्रदीर्घ संपानंतर आवाज व चेहऱ्याच्या प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदल्याच्या अटी करारात घालून घेतल्या. मुंबईत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मुद्रित झालेल्या, कंपन्यांच्या कपाटांत असलेल्या ध्वनिफितींबाबत अशी ओळ शोधू जाता ती मिळण्याची शक्यता नाही. ते करार झाले तेव्हा आवाज गाण्यापासून सोडवून वेगळा काढता येईल, हे मुद्रण करणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.